हरेश्वरच्या वल्ह्याचा सूड

मी वल्हं बोलतोय. वेसाव्याच्या हरेश्वर कोळ्याच्या होडीचं. गोड काही ऐकायचं असेल तर शेजारच्या कपाटातल्या पितळी समईकडे जा. तिला कुणी दुखावलेलं नाही. मला दुखावलंय, आणि ते मी विसरलेलो नाही.

मी सागाचा. वेसाव्याच्या किनाऱ्यावरच एका सुताराने मला तासलं. हरेश्वरने त्याच दिवशी माझ्या अंगाला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळलं. पुढे दरसाल नारळी पौर्णिमा जवळ आली की होडीला आणि मला हे तेल लागायचं. त्याने लाकूड कुजत नाही. वास मात्र असा, की परका माणूस नाक दाबून पळेल. कोळीवाड्यात तो कुणाला जाणवायचाही नाही.

मला तेल लावायचं काम हरेश्वरच्या मुलीचं, कमळचं. कमळ उशिरा चालली, उशिरा बोलली. मास्तरांनी तिला शाळेतून परत पाठवलं, कारण पाटीवरचं अक्षर तिला कळत नव्हतं. तिला जग कळायचं ते हातांनी आणि नाकाने. माझ्या मुठीखाली एक गाठ आहे. तिथे ती दर वेळी थांबायची.

“बाबा, याला फोड आलाय.”

“मग हळू चोळ गो. त्याला दुखंल.”

आणि ती खरंच हळू चोळायची. इतक्या प्रेमाने मला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

पासष्ट सालच्या सुमारास होडीला इंजिन बसलं आणि मी छपरात जाऊन पडलो. मग एक दिवस अंधेरीहून भाऊसाहेब आले. पांढरा कोट, खिशाला पेन. त्यांच्या ट्रस्टने वाचनालयाच्या वर संग्रहालय काढलं होतं. जुन्या वस्तू गोळा करत ते उपनगरभर फिरत होते.

हरेश्वर घुटमळला. “वल्हं न्या साहेब, पण पोरीचा जीव आहे त्याच्यावर.”

“अहो, मग तिला आणा की! केव्हाही आणा. हात लावू दे, जवळ बसू दे. तिचंच आहे ते.”

हे शब्द मी ऐकलेत. कमळनेही ऐकलेत.

त्याच हिवाळ्यात हरेश्वर काविळीने गेला. सगुणाने, त्याच्या बायकोने, बारावं उरकलं आणि लेकीला घेऊन संग्रहालयात आली. मी भिंतीला टांगलेला होतो. समोर दोरी, वर पाटी: ‘हात लावू नये’. कमळला पाटी कशी वाचता येणार? ती दोरीखालून आली आणि तिने अंगठा बरोबर त्या गाठीवर ठेवला.

सट्! भाऊसाहेबांच्या हातात लाकडी पट्टी होती. ती कमळच्या बोटांवर बसली.

“विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! बाई, हिला सांभाळता येत नसेल तर घरी ठेवा.”

“साहेब, तुम्हीच बोलला होता...”

“मी बोललो होतो माणसांसाठी.”

कमळ रडली नाही. बोटं तोंडात धरून त्या पट्टीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागलो. लाकडाला घाई नसते. पाण्यात राहून आम्ही एवढं तरी शिकतो.

काही वर्षं गेली. अंधेरीत ‘मतिमंद’ म्हणवल्या जाणाऱ्या मुलामुलींसाठी एक वर्ग निघाला. कमळ आता वीस-बावीसची झाली होती, तीही तिथे जायला लागली. शिकवायला उत्तरा होती. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि मोठ्यांसमोर गप्प बसायचं असतं हे शिकायचं विसरलेली. कमळने तिला माझ्याबद्दल सांगितलं असणार, कारण ती थेट भाऊसाहेबांच्या खोलीत शिरली.

“आमच्या वर्गाला संग्रहालय बघायचंय. हात लावून, वास घेऊन, वाजवून. महिन्यातून एकदा.”

“हातांनी आंधळे बघतात. तुमच्या मुलांना डोळे आहेत.”

“डोळे आहेत म्हणून हात कापायचे का?”

“तुम्ही फार पुढचं बोलता बाई.”

“मग तुम्ही जरा लवकर चला.”

भाऊसाहेब लाल झाले. पण वर्गाचं नाव पेपरात यायला लागलं होतं, आणि पेपर त्यांना कळायचा. त्यांनी मधला मार्ग काढला. मे महिन्यात एक समारंभ. मुलं दोरीच्या अलीकडे उभी राहतील, पाहुणे भाषण करतील, केळी वाटतील, फोटो निघेल. हात लावणं नाही. उत्तरा चिडली, पण आली. तिने मुलांना वचन दिलं होतं.

फोटोत मी चमकावा म्हणून भाऊसाहेबांनी मला आदल्या दिवशी व्हार्निश मारून घेतलं. वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या लाकडावर व्हार्निश! ते वाळलंच नाही. वर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन, आणि फोटोग्राफरचे दोन मोठे दिवे थेट माझ्यावर. इतकी वर्षं अंगात मुरलेलं सगळं त्या उन्हात पातळ झालं. व्हार्निश फुगलं, फाटलं, आणि आतलं मुशीचं तेल घामासारखं बाहेर यायला लागलं. मी जोर लावला. खोटं कशाला बोलू, भाषणाच्या मधोमध लावला.

पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावला. भाऊसाहेबांची नजर सरळ कमळबरोबर आलेल्या सगुणाकडे गेली.

“बाई, कार्यक्रमाला येताना आंघोळ तरी करून यायचं.”

“माझी मासळीची पाटी घरी आहे साहेब,” सगुणा म्हणाली. “वास तुमच्या भिंतीला येतोय.”

तेवढ्यात कमळने मान वर केली. नाकपुड्या फुलल्या.

“बाबा,” ती म्हणाली. मोठ्याने. आणि चालायला लागली.

दोरी पडली, पाहुण्यांची खुर्ची सरकली. तिचा अंगठा गाठीवर आला. तिच्या मागे सगळा वर्ग आला. कुणी पात्याला गाल लावला, कुणी बोट चाटून थुंकलं, एकाने मला ढोलासारखं बडवलं. भाऊसाहेब मला सोडवायला धावले आणि दोन्ही हातांनी पात्याला लटकले. मी त्यांना सोडलं नाही. चिकट व्हार्निश, तेल, सगळं त्या पांढऱ्या कोटाला दिलं. पाहुणे जिन्याने उतरले. भाऊसाहेब त्यांच्यामागे माफी मागत गेले, आणि त्यांच्यामागे माझा वास गेला.

उत्तराने दोरी गुंडाळली आणि भिंतीवरची पाटी उपडी केली. “चला, आता सुरुवात करू या. हे काय आहे, कोण सांगतं?”

“माझं,” कमळ म्हणाली.

फोटोग्राफर थांबला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याने काढलेला, मुलं मला हात लावतानाचा फोटो आला, आणि लोकांना तो आवडला. मग मुलांचा वर्ग दर महिन्याला संग्रहालयात यायला लागला, आणि ट्रस्टला ते बंद करता येईना.

आता मी भिंतीवर नाही, दोन बाकांवर आडवा असतो. व्हार्निश मुलांच्या नखांनीच निघालं. वर्गाच्या दिवशी माझी राखण कमळकडे असते. मला नवं तेल तीच लावते.

परवा भाऊसाहेब आले. नवा कोट, बरोबर मुंबईतले बडे लोक. “ही आमची कल्पना,” ते सांगत होते, “वस्तूला स्पर्श करू द्या, असं मी पहिल्यापासून म्हणत आलोय.” आणि त्यांनी हात पुढे केला.

सट्!

पट्टी तीच होती. कमळने ती कुठून मिळवली, मला ठाऊक नाही.

“विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.”

बडे लोक छताकडे बघायला लागले. भाऊसाहेबांनी बोटं तोंडात धरली. उत्तरा म्हणाली, “कमळ, असं करायचं नाही हं,” पण तोंड फिरवून म्हणाली.

तुम्हीही या. समईला नमस्कार करा आणि माझ्याकडे या. आधी कमळला विचारा, ती हो म्हणेल. मुठीखालच्या गाठीवर मात्र हळू.

आणि भाऊसाहेबांना फार लागलं का, असं बाहेर लोक विचारतात. मी अगदी जवळ होतो. मला विचाराल तर तिने हळूच मारली.