फेकलेल्या आवाजात

आधी

जमिनीत सुरुंग लावायचा, खालच्या खडकांवर आपटून वर आलेले हादरे टिपायचे, त्यातून नको ते आवाज गाळायचे आणि पाताळाचं चित्र काढायचं. मिस आयोनाने सॅन फर्नांडोतल्या तेल कंपनीत उभा जन्म या गाळण्यात घालवला. ट्रक गाळले, पंप गाळले, गाई गाळल्या. आज तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. त्यातून कार्निव्हलचा शुक्रवार. दुपारनंतर ऑफिसात चिटपाखरू राहणार नव्हतं.

नंतर

ऑफिसातल्या तरुण केशॉर्नच्या नव्या प्रोग्रामने चित्र आरशासारखं लख्ख केलं होतं. सगळे थर सपाट. तेल अडून राहावं असा उंचवटा औषधालासुद्धा नाही.

बालगोबिनसाहेब झगमगता शर्ट घालूनच आले. "सपाट ना? मग सही करतो, हा तेलासाठी घेतलेला जमिनीचा पट्टा सरकारला परत. पार्टीला उशीर होतोय."

त्या पट्ट्यावर आयोनाचं गाव होतं. खाली काहीतरी आहे, हे ती वर्षानुवर्षं सांगत आली होती आणि साहेब लोक वर्षानुवर्षं मान डोलावत आले होते.

"गाळून काढलेला कचरा बघितलास का रे?" तिने केशॉर्नला विचारलं.

"मिस, कचरा होता म्हणूनच काढला ना!"

"भांडी घासली की मी मोरीत आधी बघते, पोरा. अंगठी तशीच सापडली होती माझी."

फरक

म्हणजे आधीच्या चित्रातून नंतरचं वजा. हाती येतं ते आपण फेकलेलं.

केशॉर्नने वजाबाकी केली तसे पडदाभर तिरके पट्टे उमटले. आयोना खदखदून हसली. "अरे, हा तर गावात पिंपं बडवणारा आमचा स्टीलबँड! सर्व्हेवाले हात जोडून म्हणाले, जरा गप्प बसा. कार्निव्हलच्या तोंडावर कोण गप्प बसतंय?"

"आमचा?" केशॉर्नने विचारलं.

"तेव्हा रजेवर होते ना मी. बासची मोठी पिंपं माझीच."

"म्हणजे आमचाच पगार खाऊन आमच्याच कामात गोंगाट!" बालगोबिन म्हणाले.

"पगारी रजा होती, साहेब."

ती एकेक सुरुंगाची नोंद पुढे सरकवत गेली. मध्येच पट्टे गायब. बँड जेवायला गेला होता. पण एक फिकट तिरकी रेघ तिथेच होती. पुढच्या नोंदीतही. तिच्या पुढच्याही.

"सगळे जेवायला गेले," आयोना हळूच म्हणाली, "मग हा कोण मागे वाजवत बसलाय?"

केशॉर्नने डोक्याला हात लावला. "कललेला खडक! तिरकं दिसलं की प्रोग्राम गोंगाट समजून काढतो."

त्याने रेघ परत चित्रात बसवली. थर कलले, वर चढले आणि गावाखाली छान पाठ उंचावून बसले.

बालगोबिननी पेनाला टोपण लावलं. "पट्टा आपलाच राहणार. कार्निव्हल संपला की बुधवारी बोलू."

"बुधवारी मी रिटायर."

"मग पाहुणी म्हणून या. छोले भरलेले डबल्स मी आणतो."

"तिखट जास्त!"

केशॉर्नने उरलेला कचरा स्पीकरवर सोडला. ढम, ढढम. साहेबांचा शर्ट आपोआप हलायला लागला.

"मिस, बास जरा मागे पडतोय हं."

"ऊन होतं रे तेव्हा," असं म्हणत आयोनाने टेबलावर ठेका धरला, आणि या खेपेला चोख पकडला.