फोटोत न येण्याची युक्ती

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण जीव सगळा ढगांत अडकलेला. सुट्टी आली की स्वारी ट्रायपॉड खांद्यावर टाकून टेकडीवर निघायची. मागे डबा घेऊन मी आणि पुढे आमची लेक, भिंगरी. कॅमेऱ्यावर तो एक काळीकुट्ट काच चढवायचा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तेवढा ती आत सोडते. त्यात झाडं पांढरीफटक येतात आणि आभाळ काळं. मला विचाराल तर निव्वळ भुताटकी. पण एका फोटोला अर्धं मिनिट लागायचं.

"तेवढा वेळ हलत राहा गं," तो लेकीला सांगायचा. "हलणारं माणूस उमटत नाही."

तिला तेच हवं असायचं. त्याने बटण दाबलं की ही समोर धावायची, गिरक्या घ्यायची, बापाला वेडावून दाखवायची. फोटोत मात्र मोकळं माळरान. "बघ आई, मी नाहीच," म्हणत पोट धरून हसायची.

शेवटच्या सहलीनंतर काही दिवसांतच ती गेली. तापाचं निमित्त झालं. हृदयच दुबळं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. शाळेतले फोटो होते घरात, पण त्यात ती शहाण्यासारखी बसलेली. मला टेकडीवरची हवी होती.

"एकदा तरी उमटली असेल. शोध," मी नवऱ्याला म्हणाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. माळ, ढग, पुन्हा माळ. माझं डोकं फिरलं. जगातले झाडून सगळे ढग टिपलेस आणि पोटची पोर तेवढी राहिली, असं मी त्याला तोंडावर बोलले. तो फोटो पुढे सरकवत राहिला.

त्या शेवटच्या सहलीच्या एका फोटोवर तो थांबला. काळ्या कातळावर दोन बूट. तिचेच, एकाची लेस सुटलेली. वर धुरासारखं पुसट काहीतरी आणि मागे ढग.

"सापडली," मी म्हणाले आणि स्क्रीनवर हात ठेवला. मला रडू फुटलं, हसूही येत होतं.

तो बुटांकडेच बघत होता.

"पाय कसे उमटले?" तो हळूच म्हणाला. "अर्धं मिनिट जागचे हलले नाहीत तरच उमटतात."

मग मला कळलं. त्या दिवशी ती धावलीच नव्हती. तेवढा दमच उरला नव्हता तिच्यात. बापाचा फोटो बिघडू नये म्हणून ती उभ्या जागी नुसती डुलत होती, हात हलवत होती, आणि आम्ही दोघं कॅमेऱ्यामागे उभे राहून ढग बघत होतो.