वॉरंटी फक्त डेन्मार्कपुरती

माझ्या नवऱ्याच्या, हानुसच्या, उजव्या हाताची चार बोटं ट्रॉलरवर जाळं ओढायच्या चक्रात गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. अंगठा तेवढा राहिला. सत्तावीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस घरात बसला की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. पहिलं वर्षभर तो खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बोटी बघायचा. कोण कधी गेला, कोण किती भरून आला. माझ्याशी बोलायचा ते कॉफीपुरतं.

मग एक दिवस सामाल आमच्याकडे आला. पूर्वी हानुसबरोबर एकाच बोटीवर होता, आता आमच्या बेटांच्या राजधानीत, तोर्शाव्हनला, जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे बोटींचे आराखडे काढायला जी पोरं येतात ना, त्यांना डेकवर पाय कुठे घसरतो तेसुद्धा ठाऊक नसतं. तू शीक. त्याला एक हात पुरतो."

डेन्मार्कमधल्या एका तंत्रशाळेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, घरबसल्या करायचा. शेवटी सहा आराखडे पाठवायचे. पास झाला तर सामालच्या हाताखाली नोकरी. हानुस रात्रभर विचार करत बसला नाही की काही नाही. त्याच दिवशी त्याने अर्ज भरला, डाव्या हाताने, पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात.

आराखड्यांचं काम आमच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपणारं नव्हतं. चांगला लॅपटॉप घ्यायचा ठरलं. कुठे घ्यायचा, यावरून मात्र घरात पंधरा दिवस धुसफूस चालली. माझा धाकटा भाऊ एयुन, त्याचं इथे आमच्या गावात, त्वोरोयरीतच दुकान आहे. टीव्ही, धुलाईयंत्रं, कॉम्प्युटर, सगळं विकतो आणि सगळं उघडून दुरुस्तही करतो. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून हानुसने भुवया उंचावल्या.

"आणि यायला तीन आठवडे," एयुन म्हणाला.

"कोपनहेगनला हाच लॅपटॉप पाऊण किमतीत मिळतो," हानुस म्हणाला. "दुकानात जायचं, उचलायचं, यायचं."

"घ्या की मग दाजी, नको कोण म्हणतंय? पण बिघडला तर कोपनहेगनलाच घेऊन जा. माझ्या दारात आणू नका."

मी मध्ये पडले. म्हटलं, "अरे, वॉरंटीचं काय? दुरुस्तीला कोण? मध्ये तेराशे किलोमीटर समुद्र आहे." हानुस म्हणाला, नवं मशीन दोन वर्षांत कशाला बिघडतंय? पुढच्याच महिन्यात हाताच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी त्याला कोपनहेगनला जायचंच होतं. हाताला बँडेज आणि काखेत लॅपटॉपची पेटी, असा तो विमानातून उतरला. अपघातानंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. मग मीही गप्प बसले. एयुन मात्र दीड वर्ष आमच्याकडे जेवायला आला नाही. नाताळलाही 'काम आहे' म्हणाला.

दीड वर्ष सगळं ठीक चाललं. हानुस सकाळी आठला बसायचा तो मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत. पाच आराखडे झाले होते, सहावा अर्धा. आराखडे एक डिसेंबरला पाठवायचे होते. चौदा नोव्हेंबरला मी कामावरून आले, तर तो टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसलेला.

"चालू होत नाही," तो म्हणाला.

"चार्जर बघितलास?"

"रान्वा, सकाळपासून मी दुसरं काय केलं असं वाटतं तुला?"

आराखड्यांची दुसरी प्रत होती, पण उन्हाळ्यातली. म्हणजे दोन आराखडे. बाकीचं त्या काळ्या डबड्यात.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही फोनला बसलो. कोपनहेगनच्या दुकानात एक बाई गोड आवाजात म्हणाली, वॉरंटी आहे, अगदी आहे, वेबसाइटवर फॉर्म भरा, आमचा माणूस येऊन पेटी घेऊन जाईल. फॉर्म उघडला. नाव भरलं, पावतीचा नंबर भरला. देश निवडा, असं आलं. मी यादी खालीवर केली. डेन्मार्क होता, स्वीडन होता, जर्मनी होता. माल्टासुद्धा होता. आमच्या बेटांचं नाव नव्हतं.

पुन्हा फोन. आता दुसरा पोरगा.

"तुम्ही डेन्मार्कमध्येच येता ना पण?" तो म्हणाला.

"डेन्मार्कच्या राजाला विचारलंत तर येतो," मी म्हटलं. "कस्टमवाल्यांना विचारलंत तर नाही."

"मग डेन्मार्कमधला एखादा पत्ता द्या. ओळखीतलं कुणी?"

"दिला, तर किती दिवस?"

"तीन ते पाच आठवडे. आणि बाई, आतली माहिती परत मिळेल असं धरू नका. बोर्ड बदलला तर त्याच्याबरोबर सगळंच जातं. वॉरंटी मशीनची असते."

"आणि इथेच कुणाकडून उघडून घेतलं तर?"

"तर वॉरंटी संपली."

फोन स्पीकरवर होता. हानुसने सगळं ऐकलं. तंत्रशाळेला मी मेल केला होता, त्याचंही उत्तर दुपारी आलं. विद्यार्थी आजारी असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर मुदत वाढते, यंत्र बिघडलं तर वाढत नाही.

"हात तुटला तेव्हा दाखला होता," हानुस म्हणाला. "आता काय तोडू?"

असलं बोलणं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी भांडी घासायला वळले, कारण मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. बशा निथळत ठेवून मागे पाहिलं तर खुर्ची रिकामी. बाहेरचं जाकीट खुंटीलाच होतं.

दुपारचे तीन वाजून गेले होते, उजेड संपत आला होता आणि वारा असा की राजधानीला जाणारी मोठी बोट दोन दिवस निघालीच नव्हती. मी तशीच धावले. वाटेत मासळीच्या कारखान्यापाशी एक बाई म्हणाली, "हानुसला आत्ता धक्क्याकडे जाताना पाहिला, थंडी वाजत नाही का त्याला?" आमच्या गावात धक्क्याकडे जाऊन परत न आलेली माणसं आहेत. त्यांची नावं कुणी घेत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतात.

तो धक्क्याच्या टोकाला उभा होता. लाटा फुटून त्याच्या बुटांवर येत होत्या. मी हाक मारली नाही, मला धीर झाला नाही. जवळ गेले आणि त्याचा स्वेटर मागून मुठीत धरला.

"सोड," तो म्हणाला. "मी काही करत नाहीये."

"मग घरी चल."

"घरी जाऊन काय करू? पुन्हा खिडकीत बसू? दोन वर्षं मी म्हणत होतो, बोटं गेली तर गेली, डोकं आहे. आणि ते डोकं मी कोपनहेगनच्या पेटीत ठेवलं, चार पैसे वाचले म्हणून."

"आपण एयुनकडे जाऊ."

"मेलो तरी जाणार नाही."

"बरं," मी म्हटलं. "तू नको जाऊस. मी जाते. पण तुझा स्वेटर काही मी सोडणार नाही, म्हणजे तुला यावंच लागेल."

आम्ही घरी जाऊन लॅपटॉप घेतला आणि एयुनच्या दुकानात शिरलो. एयुन एका म्हातारीला रेडिओ दाखवत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं.

"वा! कोपनहेगनचे पाहुणे!" तो म्हणाला. "काय दाजी, बोट चुकली?"

हानुस दाराकडे वळला, पण मी स्वेटर सोडला नव्हता.

"एयुन," मी म्हटलं, "टोमणे उद्या मार. वाटलं तर महिनाभर मार, मी जेवायला बोलावून ऐकून घेईन. मी आत्ता ह्याला धक्क्याच्या टोकावरून आणलाय."

एयुनने आमच्या ओल्या बुटांकडे पाहिलं. म्हातारीला म्हणाला, "मावशी, रेडिओ तसाच घरी न्या, आवडला तर ठेवा." तिच्यामागे दार लावून घेतलं आणि मागच्या खोलीतला मोठा दिवा लावला.

"उघडला तर वॉरंटी जाईल," तो म्हणाला. आता आवाजात टोमणा नव्हता. "दाजी, हे तुम्ही सांगायचं. ताईने नाही."

हानुसने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "उघड."

एयुनने मागचं झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं. बोर्डच्या एका कोपऱ्यावर हिरवट पांढरा बुरा होता.

"मीठ," तो म्हणाला. "तुम्ही खिडकीपाशी बसता ना? आपल्या हवेत खिळेसुद्धा टिकत नाहीत. हे तिकडे पाठवलं असतंत ना, तरी 'आत पाणी गेलंय' म्हणून त्यांनी तसंच परत पाठवलं असतं. ह्यावर वॉरंटी चालत नाही."

"म्हणजे ती वॉरंटी पहिल्यापासूनच..." हानुस म्हणाला आणि थांबला.

"माझ्याकडून घेतला असतात तर मी दर सहा महिन्यांनी साफ करून दिला असता. ते जाऊ दे. मेमरी बोर्डलाच डकवलेली आहे, सुटी निघत नाही. बोर्ड एकदा जागा केला तरच काही हाती लागेल. जागा होईल का, माहीत नाही. झाला तर किती वेळ टिकेल, तेही माहीत नाही."

दोन तास तो ब्रशने, स्पिरिटने, सुईसारख्या टोकाच्या सोल्डरिंगच्या हत्याराने काहीतरी करत होता. हानुस त्याच्या खांद्यामागे उभा. सहा वाजायच्या सुमाराला पडदा उजळला. कुणी ओरडलं नाही. एयुनने माहिती उतरवून घ्यायला ताबडतोब बाहेरची डिस्क जोडली.

"पटकन सांगा. आधी काय?"

"पाच नंबर," हानुस म्हणाला. "मग चार, मग तीन. मग सहावा. पहिले दोन आहेत माझ्याकडे."

पडद्यावरची पट्टी भरत होती. तिकडे बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. पाचवा आला. चौथा आला. बोर्डमधून गरम वास यायला लागला, तसा एयुन पुठ्ठ्याने वारा घालू लागला. तिसरा आला.

"फोटोंचं काय?" त्याने विचारलं. "फोटो असतील ना?"

हानुसने माझ्याकडे पाहिलं. आमच्या आईचे शेवटच्या नाताळचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवरून आणून त्यातच ठेवले होते, ती आणि तिच्या शेजारी एयुन, तो आमच्याकडे येत होता तेव्हाचे. दुसरीकडे कुठेच नव्हते. मी एयुनकडे पाहिलं. त्याला कळलं. तोही तिचाच मुलगा.

"सहावा घे," मी म्हटलं.

एयुनने सहावा लावला. पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि पडदा काळा झाला. त्याने अजून तासभर खटपट केली. मग भिंग काढून ठेवलं आणि म्हणाला, "गेला. आता नाही उठणार."

एकूण अकरा मिनिटं चालला होता. सहाव्याची आलेली फाइल उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून हानुस एयुनच्या दुकानात बसायला लागला. त्याच्या हिशेबाच्या मशीनवर आराखड्यांचं सॉफ्टवेअर कसंबसं चालायचं, एक रेघ मारली की ती दिसायला वेळ लागायचा. गिऱ्हाईकं येता-जाता डोकावायची. कुणी म्हणायचं, "काय हानुस, इस्त्री विकायला लागलास?" त्याचं उत्तर एयुनच द्यायचा. दुपारी मी वृद्धाश्रमातून सूप आणि वाळवलेल्या मटणाचे काप घेऊन जायचे. दोघं एकाच बशीतून खायचे आणि एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. सोळा दिवसांत त्याने सहावा आराखडा पहिल्यापासून काढला. शेवटच्या दिवशी त्याची डावी बोटं इतकी आखडली की पाठवायचं बटण मी दाबलं.

निकाल जानेवारीत आला. पाच आराखडे पास. सहाव्यावर शेरा होता, 'घाईत केलेलं काम, पुन्हा सादर करावं, मुदत मे'. हानुसने तो कागद दोनदा वाचला आणि अंथरुणात जाऊन पडला. भर दुपारी. तीन दिवस तो उठला नाही. मी सामालला फोन केला. तो म्हणाला, जागा मेपर्यंत रिकामी ठेवणं त्याच्या हातात नाही, एका डॅनिश मुलीला घेतलंय. "पण वहिनी, जुन्या बोटींची मापं घ्यायला मला माणूस लागतो. महिन्यातून चार-पाच दिवस. येईल का विचार."

चार-पाच दिवस. मी ते हानुसला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून होता. तसाच म्हणाला, "मापं घेऊन मांडायची कशावर?"

खरं सांगते, त्या वेळी मला काहीच सुचत नव्हतं. पैसे नव्हते. एकदा तर मी स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात सामालला, कोपनहेगनला आणि त्या जाळ्याच्या चक्राला शिव्या घातल्या.

एयुन रविवारी आला. दीड वर्षानंतर पहिल्यांदा आमच्या टेबलाशी बसला. बटाटे घेतले, मासा घेतला, आणि खातखात म्हणाला, "दाजी, एक लॅपटॉप मागवतोय. तोही डेन्मार्कहूनच येतो, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे लागतील. सवलत नाही. हप्त्याने द्या."

"आणि वॉरंटी?" हानुसने विचारलं. तो आंघोळ करून, दाढी करून बसला होता, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"तिकडची कागदावर असेल ती असेल. माझी अशी, की बिघडला तर दार वाजवा."

हानुस हसला नाही. ताटातला मासा डाव्या हाताने नीट सोडवत राहिला. मग म्हणाला, "खिडकीपासून टेबल हलवायला हवं."

जेवण झाल्यावर दोघांनी मिळून टेबल आतल्या भिंतीशी नेलं. लॅपटॉप फेब्रुवारीच्या शेवटी आला. सामालला मापांसाठी हो कळवलंय, आणि सहावा आराखडा पुन्हा चालू आहे. मेमध्ये काय होईल ते आम्हाला माहीत नाही. मी सकाळी साडेसातला कामाला निघते तेव्हा तो बसलेला असतो, पाठ माझ्याकडे, आणि मी जाते म्हटलं की मागे न बघता डावा हात वर करतो.