उजवी बाही

बस्त्याच्या आदल्या दिवशी कळसचा सोपान एकटाच बारामतीला जाऊन आला. घरी सांगून गेला की डाळिंबाचं औषध आणतो, आणि परत आला तो रिकामाच. छबूबाईनं विचारलं, "औषध कुठंय?" तर म्हणाला, "दुकान बंद हुतं." आता इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं खोटं कळत नाही होय? पण लग्नघर होतं. लग्नघरात बाईला भांडायलासुद्धा सवड नसते.

सोपान गेला होता शिंप्याकडं. आणि खरं सांगायचं तर त्यानं तिकडं फिरकायचंच नव्हतं. आपल्याकडं रिवाज ठरलेला आहे. नवरीचा शालू नवरदेवाकडच्यांनी घ्यायचा, नवरदेवाचा पोशाख नवरीकडच्यांनी. बस्त्याला दोन्ही घरं एका दुकानात बसतात आणि ज्याचा मान त्यानं करायचा. दुसऱ्याच्या मानात नाक खुपसलं की ठरलेली लग्नं मोडतात. हे सोपानला काय माहीत नव्हतं? भावकीतले किती रुसवेफुगवे त्यानंच मिटवले होते. तरी गेला. पोराच्या मायेपुढं शहाणपण टिकत नाही, दुसरं काय!

पोरगा म्हणजे अविराज, एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत वैरण घालताना त्याचा उजवा हात कोपराच्या खाली गेला. दवाखान्यातून जे काही फडक्यात बांधून दिलं, ते सोपाननं स्वतः नेऊन बांधावरच्या चिंचेखाली पुरलं. बरोबर कुणाला घेतलं नाही. त्यानंतर पोरासाठी त्यानं काय केलं नाही? सगळं केलं. पण त्या हाताला कधी शिवला नाही. अविराज नुसत्या बनियनवर अंगणात आला की हा पाठ फिरवून गोठ्याकडं चालू लागायचा.

अविराज मात्र सावरला. डाव्या हातानं लिहायला शिकला, ट्रॅक्टर चालवायला शिकला, नवी बाग उभी केली. बावड्याच्या सावळारामाची निकिता बघायला गेले, तेव्हा पोह्यांना हात लावायच्या आधीच त्यानं बाही वर सारली. म्हणाला, "हे असं हाय. मागनं कुणी म्हणू नये, सांगितलं न्हाय." निकितानं नीट बघितलं, आणि त्याच आठवड्यात होकार आला.

म्हणजे व्याह्यांपासून लपवण्यासारखं काही नव्हतं. सोपानला धास्ती होती ती मांडवाची. इंदापूरचं मोठं कार्यालय, दोन्हीकडचे पाहुणे, वर तो व्हिडिओवाला, आणि स्टेजच्या शेजारी भिंतीएवढा पडदा. त्या पडद्यावर आपल्या लेकराची लोंबती बाही दिसणार आणि बायका पदराआड चुकचुकणार, 'अगंबाई, बिचारा!' हा 'बिचारा' सोपानला झोपू देत नव्हता. जन्मात पहिल्यांदा सूट घालणार माझं लेकरू, त्या दिवशी तरी त्याला कुणी बिचारा म्हणू नये. एवढंच त्याचं मागणं होतं.

बस्त्याच्या दुकानातच बसणाऱ्या त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर म्हणाला, "त्यात काय एवढं, आबा! बंद गळ्याचा लांब कोट करू. उजव्या बाहीत कापूस भरतो चांगला घट्ट, आन बाहीचं टोक खिशात घालून आतनं शिवून टाकतो. लोकान्ला वाटंल, नवरदेव ऐटीत खिशात हात घालून हुबा हाय."

सोपानच्या डोळ्यांत पाणीच आलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यानं जीभ चावली.

संध्याकाळी गोठ्यात गाठून त्यानं अविराजला हे सांगितलं. पोरगा म्हशीच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या जिवाला बरं वाटतंय न्हवं आबा? मग करा." सोपानला वाटलं, पोराला पटलं. बापाची जात ही अशी, हवं तेवढंच ऐकणारी.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या गाड्या बारामतीला आल्या. पांढऱ्या गाद्यांवर बायका बसल्या आणि साड्यांचे ढीग पडू लागले. आत्याची साडी मावशीपेक्षा हलकी नको, मामीला हिरवी चालत नाही, असं करता करता दुपार झाली. शालू झाला. मग सावळाराम हौसेनं उठला. एकुलत्या जावयाचा पोशाख! निळ्या कापडाचा तागा त्यानं स्वतःच उलगडला.

"मास्तर, जावयबापूला उघड्या गळ्याचा कोट, आतनं पांढरा सदरा, वर टाय. काय कमी करायचं न्हाय."

मास्तर आपला सरळ माणूस. तो म्हणाला, "पण आबा तर काल बंद गळ्याचा सांगून गेल्यात. त्याला खिसा शिवायचा हाय न्हवं?"

सावळारामानं तागा खाली ठेवला.

"काल?" तो म्हणाला. "सोपानराव, पोशाखाचा मान आमचा. आमी काय उणं केलं असतं? का आमच्यावर भरवसा न्हवता?"

सोपाननं हात जोडले. "तात्या, चुकलो. मानाचं न्हाय ओ. त्या हाताचं हाय." आणि मग सगळ्यांसमोर त्याला सांगावं लागलं, तो कापूस, तो शिवलेला खिसा. सांगता सांगता त्याचा आवाज फाटला. "लोकं हसतील माज्या पोराला. न्हाय हसली तर कीव करतील. ती मला बघवायची न्हाय, तात्या."

सावळारामाचा राग पाण्यासारखा उतरला. त्यालाही लेकरं होती. "अवो, मग आधी सांगायचं की!" तो म्हणाला. "करू तसंच. घ्या मास्तर, बंद गळा लिव्हा." बायकांनी माना डोलावल्या. छबूबाईनं डोळ्याला पदर लावला. चला, मिटलं एकदाचं, असं सगळ्यांना वाटलं. अविराज गादीच्या कडेला खाली मान घालून बसला होता, त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही.

बघितलं ते निकितानं. मांडीवरचा शालू बाजूला ठेवून ती म्हणाली, "आबा, एक विचारू?"

"विचार की, पोरी."

"कन्यादानाला आमचे तात्या माझा हात ह्यांच्या हातात देणार. तवा हे खिशात हात घालून बसणार?"

काय ही माणसं! हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्याचा विचार केला, आणि हातात हात द्यायचा असतो हेच विसरली. मास्तर टेपशी चाळा करत राहिला.

छबूबाई चाचरत म्हणाली, "डावा देईल की, बाई. देव काय येवढं बघत न्हाय."

"डावा कशाला?" निकिता म्हणाली. "उजवा हाय की त्यांना. जेवढा हाय तेवढा उजवाच हाय. मी तो बघूनच हो म्हणले. आन आता भर मांडवात मी कापसात हात देऊ?"

अविराजनं मान वर केली. सोपाननं पोराला दवाखान्यातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आता त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यानं सवयीनं उजवाच हात वर नेला, होता तेवढा.

सोपान मटकन खाली बसला. तोंड लपवावं तर जागा नव्हती. लोकांचं नाव सांगत होतो मी, त्याला वाटलं, पण बघवत नव्हतं ते मलाच. माझ्या डोळ्यांसाठी मी पोराला खिशात शिवायला निघालो होतो. आणि पोरगं ते जाणून होतं. जाणून गप्प बसलं होतं.

सावळाराम त्याच्या शेजारी येऊन टेकला. हळूच म्हणाला, "सोपानराव, पोशाखाचा मान आमचा, खरं हाय. पण बाही तुमी सांगा."

मास्तरनं टेप घेतली. अविराज उभा राहिला, त्यानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली. "हात जरा आडवा धरा कुणीतरी," मास्तर म्हणाला.

छबूबाई उठू लागली, तिला सोपाननं खुणेनंच बसवलं. तो पुढं झाला आणि दोन्ही हातांनी त्यानं पोराचा हात धरला. चिंचेखाली नेलं ते गार होतं. हे ऊन होतं. आत नाडी उडत होती. सोपानला हुंदका आला, तो त्यानं आवरला नाही.

"आबा, बसा तुमी," अविराज म्हणाला.

"गप हुबा ऱ्हा." सोपाननं आपला अंगठा पोराच्या कोपरावर टेकवला आणि मास्तरला दाखवला. "उघड्या गळ्याचा करा, तात्या म्हणत्यात तसा. आन बाही हितं थांबवा, ह्याच्या खाली न्हाय. तिला धरायला जागा पायजे."