चिकट पालखी

केरबा सुताराने आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या आणि त्याहून अधिक दिल्या होत्या. पण पोटच्या पोराने परक्या माणसासमोर आपल्याला लबाड ठरवावे, हे त्याच्या वाट्याला प्रथमच आले होते.

"आबा, तुमीच माझ्या माघारी करडईचं तेल पुसलंय हिला." अर्जुनाने पालखीच्या दांडीवर बोट टेकवले. उचलताना ते किंचित चिकटले आणि मागे ठसा राहिला. "माझं पालिश तुमच्या डोळ्यांत खुपतंय. सरळ सांगा की!"

समोर घोंगड्यावर बिराप्पा धनगर बसला होता. बिरोबाची नवी पालखी न्यायला तो पार आटपाडीकडच्या माळावरून उंब्रजला आला होता. दसऱ्याला ती उठायची होती.

लढाई संपल्यावर अर्जुना खडकीच्या लष्करी कारखान्यातून परतला, तो चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर पुसायची विद्या घेऊन. केरबाने मात्र जन्मभर करडईचे तेलच चोळले होते. पालखीला लाखच लावायची, असा पोराने हट्ट धरला, तेव्हा केरबा कुरकुरत एका अटीवर कबूल झाला. बिरोबाचे लाकूड पुसायचा बोळा देवाला सोडलेल्या मेंढीच्या लोकरीचाच हवा, आणि तीही न धुतलेली. पाणी लागले की लोकरीतला देव जातो, असे धनगर मानत आणि केरबाही मानत आला होता. खडकीला बोळा कापसाचा असे. पण बापाची एवढी एक गोष्ट ऐकायला काय हरकत आहे, म्हणून अर्जुनाने तीच लोकर घेतली.

पहिलाच हात धुरकट उतरला. आरशावर श्वास सोडावा तसा. अर्जुनाने आधी सकाळच्या दवाला दोष दिला आणि पालखी उन्हात हलवली. मग स्पिरिटमध्ये पाणी असेल म्हणून कराडहून नवे आणले, वाटीत पेटवून पाहिले. तळाशी थेंबही उरला नाही. मग लाख बदलली. सगळे खरवडून पुन्हा पुसले. पुन्हा तोच धूर, तोच चिकटपणा. सगळी कारणे संपली, तेव्हा त्याच्या नजरेसमोर एक बाप तेवढा उरला.

केरबाने बिराप्पाच्या पिशवीतला भंडारा मुठीने उचलला आणि कपाळावर थापला. "ही पालखी माझ्यापायी नासली असंल, तर ह्यो हात झडंल माझा!"

"झडूच दे!" अर्जुना ओरडला.

"आवं, पोराच्या तोंडाला काय लागताय?" मनुबाई उंबऱ्यातून म्हणाली. "आनि तू रं? बापाला असं बोलत्यात व्हय?" पण नवरा आणि मुलगा दोघेही तिच्याकडे पाहत नव्हते. अर्जुनाने आपली पत्र्याची पेटी भरली. सांगलीचा एक फर्निचरवाला त्याला कधीपासून बोलावत होता. "जातो मी. पुसा तेल आता पोटभर," म्हणून तो मोटारीच्या थांब्याकडे निघाला.

पोराची लाखच भिकार आहे, हे सिद्ध केल्याखेरीज केरबाला चैन पडणार नव्हती. त्याने सागवानाचा एक तुकडा घेतला. लोकरीचा बोळा पालखीवर पडला होता. पण पालखीजवळ गेलो तर पुन्हा आळ येईल, म्हणून त्याने रागारागाने आपल्या जुन्या धोतराचा पदर फाडला, त्याचा बोळा केला आणि लाख पुसून तुकडा उन्हात टाकला.

थोड्या वेळाने पाहतो, तर तुकडा लख्ख. बोट फिरवले, कडक, कोरडे. केरबाचा संताप आणखी भडकला. "इथं बरं येतंय गुमान!" म्हणत त्याने बिराप्पालाच पालखीवरचा बोळा द्यायला लावला आणि तुकडा उलटा करून दुसरी बाजू लोकरीने पुसली.

त्या बाजूवर हळूहळू धूर चढला. बोट चिकटले.

केरबाने बोळा तळहातावर पिळला. हाताला मेण लागावे तसा ओशटपणा आला, आणि मेंढीचा उग्र वास. इतकी वर्षे हा ओशटपणा तेलात खपून गेला होता. स्पिरिटच्या लाखेला तो पचत नव्हता.

बिराप्पाने सगळे पाहिले. "देवाची लोकर नासकी म्हंतोस व्हय रं?"

"लोकर झ्याक हाय. लाखंला चालत न्हाई, एवढंच."

"आनि भंडारा लावलास त्यो?" बिराप्पाचा आवाज उतरला. "टाक त्यो तुकडा चुलीत. कुनी बगितलंय? खरवड आनि तेल पूस. मी न्हेतो पालखी."

केरबाने चुलीकडे पाहिले. पोरगे मोटारीत बसले की सगळे मिटणार होते. त्याचा शब्दही खरा राहणार होता. सांगलीला गेलेल्या पोराला मात्र आपला बाप जन्मभर लबाडच वाटणार होता. केरबाने कचकचीत शिवी हासडली, ती कोणाला हे त्यालाही कळले नाही, आणि तुकडा मुठीत धरून तो तरातरा निघाला.

अर्जुना वडाखाली पेटीवर बसला होता. केरबाच्या कपाळावर भंडारा तसाच होता. थांब्यावरची माणसे वळून बघू लागली.

"बोट लाव!"

"आता काय आनिक?"

"लाव म्हंतोय न्हवं!" त्याने तुकडा उलटला. "आता हितं."

अर्जुनाने बोट लावले, मग तुकडा नाकाशी नेला. त्याचा चेहरा उतरला. "लोकर."

"व्हय, लोकर! मीच दिली. मीच हटून बसलो. तेल न्हाई लावलं मी, पर पालखी नासली ती माझ्याच पायी. झालं समाधान?"

"आबा, मी बिराप्पाफुडं तुमाला…"

"त्ये मी इसरनार न्हाई. मरस्तवर न्हाई."

धूळ उडवत मोटार येऊन थांबली. क्लीनरने पेटीला हात घातला. "हात काढ रं तिच्यावरनं!" केरबा त्याच्यावर खेकसला आणि पोराकडे वळला. "ऊठ. आदी पालखी खरवडायची. बोळा सुती."

"बिराप्पा काय म्हनंल?"

"बोंबलंल. बोंबलू दे. आनि माझा हात झडायचाच असंल, तर पालखी झाल्यावर झडू दे."

अर्जुनाने पेटीची एक कडी धरली, दुसरी केरबाने. वाटेत दोघेही एकमेकांच्या पुढे जाऊ पाहत होते आणि पेटी मध्ये हिसके खात घराकडे चालली होती.