'जागा नाही' म्हणायला शिकलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. रंगाने करडा, पुढे दोन दिवे आणि मागे तारांचा गुंता. पण मला अडगळ समजू नका हं! दूर देशातल्या केर्केना बेटावर मासेमारांची कचेरी आहे, तिथल्या खिडकीशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. समुद्रावर गेलेली प्रत्येक होडी आपण कुठे आहोत ते मला कळवत राहते, आणि मी तिचा ठिपका मोंजियाच्या पडद्यावर दाखवतो. मोंजिया म्हणजे कचेरीची सर्वेसर्वा. जिभेने तिखट, पण मनाने फार मऊ. तिचा नवरा नौफेलही मासेमार. त्याचा ठिपका दिसल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही.

माझ्या पोटात थोडीशी मेमरी आहे. निरोप आला की तो ठेवायला तिथे जागा लागते. माझा प्रोग्राम जागा मागतो, निरोप उतरवतो आणि काम झालं की जागा परत करतो. हा प्रोग्राम स्फाक्स शहरातल्या एका लहान कंपनीत लिहिला गेला. टेबलावर मांडलेल्या मोजक्या यंत्रांनी होड्या बनून माझी परीक्षा घेतली. मी कुठेही अडखळलो नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं! जागा मागितली की मिळणारच, असं त्या भल्या माणसांनी धरूनच ठेवलं होतं. मेमरी कधी 'नाही' म्हणेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग ऑक्टोपसचा हंगाम आला. तो धरण्यावरची बंदी उठते त्या सकाळी बेटावरचा एकही मासेमार घरी थांबत नाही. ऑक्टोपस लपायला शिरतात ती दोराला बांधलेली मातीची मडकी घेऊन झाडून साऱ्या होड्या एकदम निघाल्या आणि साऱ्या एकदम माझ्याशी बोलू लागल्या. माझी मेमरी भरली. प्रोग्रामने जागा मागितली, उत्तर आलं 'नाही'. पण उत्तर ऐकतोय कोण? न मिळालेल्या जागेवरच तो लिहायला लागला, आणि मी कोसळलो. पुन्हा सुरू झालो, तर उत्तर न मिळालेल्या होड्या पुन्हा एकदम बोलू लागल्या. मी पुन्हा आडवा.

"अरे मेल्या, आजच तुला मरायचं होतं?" मोंजियाने माझ्या पाठीत धपाटा घातला.

त्याच वेळी नौफेलचं इंजिन बंद पडलं होतं. त्याने मदतीचं बटण दाबलं. त्याची हाक माझ्यापर्यंत आली आणि माझ्याबरोबरच बुडाली. नशीब, की ताहर नावाचा त्याचा मित्र तिथून चालला होता. त्याने ती होडी ओढत आणली. मोंजियाने माझ्यावर गोणपाट टाकलं. मला फार वाईट वाटलं, पण तिचं काय चुकलं?

कंपनीने घरबसल्या एक दुरुस्ती पाठवली. जागा मिळाली नाही तर मी आता लांबलचक निरोप लिहायचा: क्षमस्व, अमुक कारणाने तमुक झालं. तो लिहायला मात्र मेमरीतच जागा मागायची! अहो, जागा नाही हे सांगायलाही जागा हवी! मी पुन्हा कोसळलो.

शेवटी आफेफ नावाची मुलगी बोटीने बेटावर आली. हिनेच माझा प्रोग्राम लिहिला होता. गोणपाट काढून ती म्हणाली, "ताई, आता मी याला मुद्दाम उपाशी ठेवणार. जिथे जिथे हा जागा मागतो, तिथे तिथे 'नाही' म्हणणार."

"अगं बाई! बरा करायला आलीस की मारायला?"

"इथे मेला तर उठवता येईल. समुद्रावरच्या माणसांचं तसं नाही ना."

मोंजियाने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. आफेफने मला पाडलं, उठवलं, पुन्हा पाडलं. प्रत्येक ठिकाणी तिने मला 'नाही' ऐकायला शिकवलं. अर्धवट घेतलेली जागा आधी परत करायची. नेहमीचा ठिपका खुशाल सोडून द्यायचा, कारण पुढचा येतोच. आणि होडीला आधीच लिहून ठेवलेलं, नवी जागा न लागणारं छोटं उत्तर द्यायचं: जागा नाही, थोड्या वेळाने सांग.

दुपारी मोंजियाने तिला वाफवलेल्या रव्याचं कुसकुस वाढलं. आफेफने माझ्या मेमरीचं चित्र पडद्यावर लावलं होतं. मोंजिया म्हणाली, "आणि हा कोपरा रिकामा का गं? एवढी टंचाई आहे, वापर की."

टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. आफेफने त्याला हात लावला.

"ए, ते नौफेलचं!" मोंजिया ओरडली. "आम्ही वाढून घ्यायच्या आधी समुद्रावरच्या माणसाचं काढून ठेवतो. नंतर उरतंय कुठे?"

"मग या कोपऱ्यालाही हात लावायचा नाही. तो मदतीच्या हाकेचा. हा चालू झाला की सगळ्यांच्या आधी तो काढून ठेवायचा, असं मी आता लिहिलंय."

मोंजियाने तिच्या पानात आणखी एक डाव वाढला.

पुढच्या हंगामाची पहिली सकाळ उजाडली. पुन्हा साऱ्या होड्या, पुन्हा भरलेली मेमरी. पण या वेळी मी कोसळलो नाही. एकेकीला सांगत राहिलो, जागा नाही, थोड्या वेळाने सांग. तेवढ्यात वारा फिरला आणि नौफेलची हाक आली. होडीत पाणी भरत होतं. मेमरी 'नाही' म्हणाली. मग मी त्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात हाक उतरवली. पडद्यावर लाल ठिपका पेटला.

"नौफेल!" मोंजियाने बिनतारीचा माइक ओढला. "ताहर, ऐकतोस का? तुझ्या उजव्या हाताला बघ! धाव रे बाबा!"

होडी बुडाली. नौफेल ताहरबरोबर परत आला, चिंब भिजलेला, थरथरत. मोंजियाने आधी त्याला भरपूर शिव्या दिल्या, मग मिठी मारली, मग झाकलेलं ताट उघडून त्याच्यापुढे ठेवलं. तो जेवत असताना ती माझ्याजवळ आली आणि ओढणीने माझ्यावरची धूळ पुसली. मित्रांनो, एवढं कौतुक मला पुरतं.

आता मी म्हातारा झालोय. परवा एक साहेब आले होते. माझं पोट तपासून म्हणाले, "हा कोपरा वर्षभर रिकामाच पडून असतो. इथे हवामानाची चित्रं ठेवू या."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी माझ्यासारखे डबेही घडवाल. तेव्हा मागितलेलं मिळालं का, ते आधी बघा. आणि अडचणीतल्या माणसासाठी काढून ठेवलेलं, रिकामं दिसलं म्हणून कुणाला देऊन टाकू नका. एवढीच माझी विनंती.

साहेबांना मी काय सांगणार? मोंजियाच म्हणाली, "साहेब, ते वाढून ठेवलंय."