मनसारामचे दगड

“आजी, हा दगड कायले?”

रिसॉर्टच्या गेटवर गार्ड सगळ्यांच्या बॅगा उघडून पाहत होता. आत प्लास्टिक न्यायचं नाही, गुटखा न्यायचा नाही, असा तिथला नियम. गोकुळाच्या कापडी पिशवीतून दोन लुगडी निघाली, तेलाची बाटली निघाली आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला नारळाएवढा काळा दगड निघाला. मागे नव्या गाडीत सून साधना कपाळाला हात लावून बसली.

“टाचा घासाले,” गोकुळा म्हणाली.

“एवढा मोठा?”

“टाचाच तशा हायेत माह्या. दाखवू काय?”

गार्ड हसला आणि दगड परत पिशवीत गेला. दगडाला मनाई असल्याचं त्याच्या बोर्डावर लिहिलेलं नव्हतं.

गोकुळाचा मुलगा अमर ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने या जंगलातल्या रिसॉर्टमध्ये दोन दिवस राहायचं ठरवलं आणि रीत म्हणून आईलाही विचारलं. ती नाहीच म्हणेल याची त्याला खात्री होती. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गुडघ्याचं निमित्त काढणारी बाई ती. पण रिसॉर्ट कोणत्या तलावाच्या काठी आहे हे ऐकल्यावर गोकुळा लगेच म्हणाली, “येतो मी.” त्याच संध्याकाळी ती इरई नदीच्या काठावर गेली आणि चांगला घट्ट, ठिसूळ नसलेला दगड निवडून घेऊन आली.

त्या तलावावर तिचा नवरा मनसाराम मासे धरायला जायचा. जात ढिवराची, जाळं खांद्यावर आणि पोट पाण्यावर. अमर दुसरीत असताना एका पहाटे तो गेला, आणि तलावाच्या पाळीखाली, मोहाच्या जुळ्या झाडापाशी त्याला वाघाने धरलं. गावाने हाका मारत, डबे वाजवत शोधलं तेव्हा मनसाराम सापडला तो अर्धाच. अर्ध्यालाच आग दिली. उरलेला तिथल्या मातीत राहिला.

अशा जागेवर दगड ठेवायची त्या मुलखात रीत आहे. वाघाने माणूस नेला त्या ठिकाणावरून जाणाऱ्याने एक दगड ठेवावा, दगड नसेल तर हिरवी डहाळी, आणि मगच पुढे जावं. मेलेला ओळखीचा असो नसो. पहिला दगड गोकुळाने ठेवला होता, घरच्या फुटक्या जात्याची अर्धी तळी. त्यावर गुराख्यांनी ठेवले, मोह वेचणाऱ्या बायांनी ठेवले, बिटावरच्या फॉरेस्ट गार्डांनी ठेवले. ढीग कमरेला लागला. गोकुळा पोराला घेऊन नागभीडला भावाकडे राहायला गेली, तरी वर्षातून एकदा येऊन दगड ठेवून जायची. अमरला मात्र तिने कधी तिथे आणलं नाही. बाप गेला तिथे पोराला कशाला न्यायचं? पुढे अमर मोठा झाला आणि क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांना बापाला हार्ट अटॅक आला होता असं सांगायला लागला. वाघाने खाल्लं म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, ते त्याला सहन होत नसे.

मग तलावाकाठची जमीन कोणीतरी विकत घेतली. कुंपण आलं, गावाची वाट कुंपणाबाहेरून वळवली गेली. गोकुळा दगड घेऊन गेटवर गेली तेव्हा तिला विचारलं, “बुकिंग आहे का?”

आता बुकिंग होतं. पोराच्या नावाने का होईना.

दुपारचं जेवण होताच ती पिशवी घेऊन निघाली. जुळा मोह लांबूनच ओळखू आला. त्याच्या दोन्ही खोडांना लाइटच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि मधे दोरीचा झोपाळा टांगला होता. खाली हिरवंगार लॉन. ढीग नव्हता. गोकुळाने झाडाला फेरी मारली. मग पाळीवर चढून पाहिलं. म्हातारपणी जागा चुकते म्हणतात, म्हणून पुन्हा खाली येऊन पाहिलं.

लॉनला पाणी देणाऱ्या माणसाने तिला बघून तोंड फिरवलं. डोक्याला रिसॉर्टचा केशरी फेटा होता, तरी ती चाल तिने ओळखली. लच्छू. मनसारामच्या बरोबरीने जाळं टाकणारा.

“लच्छूभाऊ, इथीच होता ना?”

“काय, वयनी?”

“काय म्हून काय इचारतोस? ढीग!”

लच्छूने पाइप एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात टाकला. “मले नाई मालूम. लय बदललं आता इथी,” असं काहीबाही पुटपुटत तो नळ बंद करायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

गोकुळाच्या डोक्यात सणक गेली ती तेव्हाच. पण राग कोणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. हिरवळीवर कसा काढणार?

संध्याकाळी जेवणाआधी शेकोटी होती. पाहुणे मंडळी गोल बसली होती. तरणा गाइड वाघाच्या गोष्टी सांगत होता, आणि कोणीतरी विचारलं, “इथे कधी माणूस खाल्ला का हो?” मंडळी हसली. अमरने मान खाली घातली आणि हातातला सूपचा कप फिरवत राहिला. शेकोटीभोवती चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या दगडांचं कडं रचलं होतं. अमरचा बूट त्यातल्या एका दगडावर होता.

तो दगड एका बाजूने गोल होता. सरळ बाजूला मधोमध अर्धं भोक होतं.

“पाय काढ,” गोकुळा म्हणाली.

“काय झालं, माय?”

“पाय काढ म्हणतो ना! बापाच्या छातीवर पाय ठेवून बसला तू!”

अमर दचकून उभा राहिला. “माय, हळू बोल. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू दे ना! तमाशा पाहालेच आले हायेत. हे माह्या जात्याची तळी हाये. हे सगळे तुह्या बापाचे दगड हायेत. अन् याहीनं चूल केली त्याची!”

लाकडांची मोळी घेऊन आलेला लच्छू जागच्या जागी थिजला. गोकुळा त्याच्याकडे वळली.

“तूच उचलले ना? तुह्याच हातानं?”

“साहेबानं सांगतलं, ढीग खदानीत फेक,” लच्छू म्हणाला. “म्या म्हणलं, साहेब, आगीभवती छान दिसतीन. का करू, वयनी? खदानीत गेले असते तं कायमचे गेले असते. इथी निदान डोऱ्यासमोर तरी राह्यले.”

“डोऱ्यासमोर? अर्धाच भेटला होता रे तो. अर्ध्यालेच आग देली, तू होता ना खांद्याले? उरलेल्याले तुम्ही रोज सांजच्याले जाळून राह्यले, अन् वरून बटाटे भाजून राह्यले!”

लच्छूने मोळी खाली ठेवली. त्याचंही चुकलं नव्हतं, हे गोकुळाला आत कुठेतरी कळत होतं, आणि त्यामुळे तिला अधिकच चीड आली. ज्याच्यावर ओरडावं तोच आपला निघतो, आणि ज्याने करायला लावलं तो कधी समोर सापडत नाही.

सकाळी मात्र सापडला. साहेब नव्हे, मॅनेजर. पाहुण्यांच्या जीपगाड्या वाघ बघायला गेल्या होत्या. अमर आणि साधना गेले नाहीत. मॅनेजर फळांची टोपली घेऊन कॉटेजवर आला. फार गोड माणूस. त्याचा गोडवा बघून गोकुळाला शिसारी आली.

“काकू, आम्हाला खरंच कल्पना नव्हती. मी रात्री मालकांशी बोललो. त्यांना तर ही रीत फार आवडली. आपण ते दगड पुन्हा त्या झाडाखाली रचू, छान बोर्ड लावू. गेस्ट एकेक दगड ठेवतील, फोटो काढतील. काकांची स्टोरी लोकांपर्यंत जाईल.”

“स्टोरी?” गोकुळा म्हणाली. “माणूस मेला, बावा. मले त्याचं धोतर पाहून वळखा लागला. स्टोरी नोको म्हणू.”

“तसं नाही, काकू...”

“अन् तुमचे पाहुणे कायले ठेवतीन दगड? ते वाघाले टाळ्या वाजवाले येतेत. दगड जाणाऱ्यानं ठेवाचा असते, भेवाच्या वाटेनं जाणाऱ्यानं. कुंपणातून कोण जाते? तुमची टोपली घेऊन जा.”

ती उठली आणि सरळ शेकोटीकडे चालू लागली. राख अजून कोमट होती. तिने पहिला दगड उचलला, लुगड्याला चुना फासला गेला. तो छातीशी धरून ती गाड्या लावलेल्या जागेकडे निघाली.

“काकू, प्लीज. ही रिसॉर्टची प्रॉपर्टी आहे,” मॅनेजर मागून म्हणाला. आवाजातला गोडवा ओसरला होता. “अमर सर, तुम्ही तरी समजवा.”

अमर गाडीपाशी उभा होता. गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. चपला झटकल्याशिवाय तो साधनालाही आत बसू देत नसे. त्याने आईकडे पाहिलं. तिने हाक मारली नाही, काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित त्याने समजावलंही असतं.

“माह्या बापाले वाघानं मारलं,” अमर मॅनेजरला म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्यानेच निघालं. “हार्ट अटॅक नाई. वाघानं. तुमच्या या झुल्यापाशी.”

आणि त्याने डिकी उघडली.

बॅगा मागच्या सीटवर गेल्या. साधना पदर खोचून दगड आणायला लागली. नवी गाडी मागून दबत गेली. जात्याची तळी गोकुळाला उचलेना. ती वाकून नुसतीच तिला हात लावत होती, तेवढ्यात लच्छू आला. त्याने डोक्यावरचा केशरी फेटा उतरवला, पिळून त्याची चुंबळ केली आणि तळी डोक्यावर घेतली.

“गाडीत ठेव, भाऊ,” अमर म्हणाला.

“नाई. मी नेतो.”

कामगारांसाठी मागचं फाटक होतं. लच्छू तिकडे गेला नाही. पाहुण्यांच्या गेटमधून, मॅनेजरच्या समोरून, तो तळी डोक्यावर घेऊन ताठ बाहेर पडला. काल बॅग तपासणाऱ्या गार्डने दांडा वर केला.

कुंपणाला वळसा घालून गावाची वाट जिथे जंगलात शिरते, तिथे गाडी थांबली. लच्छूने आधी तळी जमिनीत पक्की बसवली. मग बाकीचे त्यावर. पांढराफटक, ठेंगणा ढीग झाला. अमर जुन्या ढिगाची उंची विचारणार होता, पण त्याने विचारलं नाही.

“खरी जागा तं तिकडंच राह्यली,” लच्छू म्हणाला.

“त्याले कोण पुसते आता?” गोकुळा म्हणाली. तिचा राग तसूभर कमी झालेला नव्हता. मोह आत होता, माती आत होती, आणि त्या मातीवर उद्या पुन्हा कोणीतरी झोके घेणार होतं.

तेवढ्यात गावाकडून सायकलवर एक मुलगी आली. अंगात रिसॉर्टचा गणवेश, कामावर जायला उशीर झालेला. ढीग पाहून तिने ब्रेक दाबला. गाडी, पांढऱ्या हातांची माणसं, बोडका लच्छू, सगळं एका नजरेत पाहिलं. मनसाराम गेला तेव्हा ती जन्मलीही नसेल. गोकुळा वाट पाहत राहिली की आता ही विचारणार, कोण होता, कसा नेला, किती सापडला. आजवर प्रत्येकाने विचारलं होतं.

मुलीने विचारलं नाही. रस्त्याकडेचा एक दगड उचलला, चपला काढल्या, दगड ढिगावर ठेवला आणि सायकलवर बसून निघून गेली.

चुन्याच्या पांढऱ्या ढिगावर तो एकच दगड मातीच्या रंगाचा दिसत होता. गोकुळाने पिशवीतून टॉवेल काढला, तो सोडला आणि इरईचा काळा दगड त्याच्या शेजारी ठेवला.